कप्तान हॅडलॉक कुठे निघाले?

हेव्हरिल, ४ ऑक्टोबर १८०४

प्रिय भगिनी केझाया,

तुझे पत्र आणि सफरचंदांची टोपली एकाच गाडीने आली. सफरचंदे पत्राच्या आधी संपली. यावरून पत्र केवढे लांब होते ते ओळख.

तू लिहितेस की कप्तान हॅडलॉक पुढल्या महिन्यात ‘कॉन्स्टन्स’ गलबत घेऊन निघतात, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे शेजारीपाजारी आपापला थोडाथोडा माल त्यांच्याबरोबर धाडणार आहेत. त्यात सख्ख्या मेव्हण्याचेही काही असावे, ही तुझी इच्छा. अगं, इथल्या मुलांना लॅटिन शिकवल्याबद्दल मला अर्धा पगार नाण्यांत मिळतो आणि अर्धा सरपणात. कप्तानांच्या त्या मिरीच्या सुमात्रा बेटावर सरपण खपत असेल तर कळव. माझ्याइतका मोठा सावकार तुला दुसरा सापडायचा नाही.

एका गोष्टीचे मात्र नवल वाटले. आजवर कप्तानांनी आम्हा सर्वांकडून चांदीचे डॉलरच मागून घेतले. या खेपेस म्हणे डॉलर नकोत, रम द्या. आज्ञेप्रमाणे रमचे एक पिंप घेऊन मी काल गाडीवानाच्या हवाली केले. ज्या वात्सल्याने तो पिंपाकडे पाहत होता त्यावरून ते भरलेले पोचेल की नाही, याची शाश्वती देत नाही.

पिंप वळणाआड गेल्यावर मला प्रश्न सुचला. (उशिरा सुचणे हा आमच्या विद्वत्तेचा एक प्रकार आहे.) मिरीच्या किनाऱ्यावरचे मलय लोक मुसलमान. ते दारूला शिवत नाहीत आणि चांदीवाचून मिरीचा दाणा हातावर ठेवत नाहीत, हे आपल्या टेबलावर कोंबडीची तंगडी हलवीत कप्तानांनीच सांगितले होते. मग एवढी रम तिथे पिणार कोण?

त्यांना विचारून कळव. छे, विचारणार कशी! सेलेममध्ये कप्तानाला ‘कुठे निघालात?’ म्हणणे हे म्हातारीला वय विचारण्याहून असभ्य. आपली मिरीची बंदरे बॉस्टनवाल्यांना कळू नयेत म्हणून सारे गाव तोंड शिवून बसते, आणि गप्प बसण्याचाच अभिमान बाळगते. मौनातून एवढा नफा मिळवणारे नगर मी ग्रीक इतिहासातही वाचले नाही.

तुझा, शंका काढण्याचाच पगार घेणारा,
जोथम पेटिंगिल

सेलेम, १२ नोव्हेंबर १८०४

प्रिय बंधू जोथम,

पिंप पोचलं, आणि काठोकाठ भरलेलं पोचलं. गरीब गाडीवानावरचा आरोप मागे घे.

‘कॉन्स्टन्स’ मंगळवारी छान वाऱ्यावर निघाली. त्याआधी आठवडाभर माझ्या स्वैपाकघराची वखार झाली होती. जो येई तो एक पिंप ढकलत येई. चर्चचे डीकन फार्नम तर दोन पिंपं घेऊन आले, आणि जायचं नाव घेईनात. चुलीजवळ हात शेकत म्हणाले, “काय कप्तान, यंदा वारा कुठला धरणार?”

“मागून येईल तो,” कप्तान म्हणाले.

“आणि मग उजवीकडे की डावीकडे?”

“समोर जमीन दिसली की वळेन.”

पलीकडच्या टॅबिथाकाकू आपलं लहानसं पिंप घेऊन बसल्या होत्या. वर्षभर मेणबत्त्या विकून घेतलेलं. त्या म्हणाल्या, “डीकनसाहेब, प्रार्थनेत देवालासुद्धा तुम्ही इतकं छळत नाही हो!”

“देव निदान कधी ना कधी उत्तर देतो, टॅबिथाबाई!” डीकन म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. कप्तानही हसले. तुला ते हसणं माहीत आहे, दाढी हलते आणि डोळे हलत नाहीत.

आता तुझं कोडं. गावाने विचारायचं नसतं, पण मी बायको आहे. विचारलं. ते म्हणाले, “डॉलर महाग झालेत, केझी. रम मॉरिशसला फ्रेंचांना विकायची, तिथे चांदी घ्यायची, मग पुढे.” झालं समाधान? ग्रीक नगरांत फ्रेंच नव्हते म्हणून तुला सुचलं नसेल.

म्हातारा तांडेल बार्नबस लंट या खेपेला घरीच आहे. मिरीच्या सगळ्या सफरी त्याने यांच्याबरोबर केल्या, पण गुडघा धरलाय म्हणे. नवा तांडेल मिस्टर स्लोकम ऱ्होड आयलंडचा. फार गोड माणूस. माझ्या बीन्सच्या मडक्याची अशी तारीफ केली की मी लाजले. बीन्सची पोतीच्या पोती गलबतावर चढलीयत. पाण्याची पिंपं तर इतकी, की टॅबिथाकाकू म्हणाल्या, “अगं, खलाशी नेतायत की घोड्यांचा तबेला?” फळ्याही पुष्कळ नेल्या. मिरी सुटी भरतात, तिला खाली-बाजूंना फळ्यांचं अस्तर लागतं. एवढं मलाही कळतं हं, मास्तर.

तुझी बहीण,
केझाया हॅडलॉक

हेव्हरिल, १९ जानेवारी १८०५

प्रिय भगिनी,

बर्फाने शाळा बंद आहे. विद्यार्थी नसले की मास्तराचे डोके रिकामे राहते आणि त्यात नको ते शिरते. तुझे पत्र मी अनेकदा वाचले. रागावणार असशील तर आधी बूड टेकून बस, मग वाच.

रमला तू उत्तर दिलेस. फळ्यांना दिलेस. लंटला गुडघा दिलास. पाण्याला आणि बीन्सना दिले नाहीस, तरी तीही उत्तरे सापडतील. प्रत्येक जण सुटा सुटा निरपराध आहे. परंतु सगळेच एकदम निरपराध दिसू लागले, की मला वर्गातला मागचा बाक आठवतो.

मूठभर खलाशांच्या गलबताला पोतीच्या पोती बीन्स कशाला? एवढे पाणी कोण पिणार? फळ्यांनी मिरीला अस्तर होते हे खरे, पण त्याच फळ्यांचा अर्धउंच मजला घालून खाली माणसेही निजवता येतात. ज्या किनाऱ्यावर रम हेच नाणे आहे तो किनारा मलय लोकांचा नव्हे, गिनीचा, आफ्रिकेचा. ऱ्होड आयलंडच्या तांडेलांना तिथली वाट पाठ असते. लंटला फक्त मिरीची वाट ठाऊक. आणि दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदराने गुलाम म्हणून माणसांच्या आयातीची दारे पुन्हा उघडल्याचे तू वर्तमानपत्रात वाचले असशीलच.

आपल्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने हा धंदा गुन्हा आहे. तेव्हा जो करील तो ठिकाण सांगणार नाही, हे उघड. पण ठिकाण न सांगणारा माणूस इतर कुठल्याही बंदरात संशयित ठरला असता. तुमच्या गावात त्याला मिरीवाला समजून लोक टोपी काढतात. लपायला याहून सोयीची जागा मला तरी सुचत नाही.

हे सारे अनुमान आहे. प्रत्यक्ष प्रमाण माझ्याकडे रतीभर नाही, आणि मी चुकलो तर जन्मात पहिल्यांदा मला चुकल्याचा आनंद होईल. तू फक्त एक कर. बार्नबस लंटचा गुडघा पाहून ये.

तुझा भाऊ,
जोथम

सेलेम, ३ मार्च १८०५

जोथम,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते भावाला लिहायचं नसतं.

बीन्सच्या पोत्यांवरून तू माझ्या नवऱ्याला माणसं विकणारा ठरवलंस! बटाव्हियाच्या तापात पडलेल्या पोरसवदा खलाशाला स्वतःच्या खोलीत निजवून हा माणूस उघड्यावर झोपला होता, विसरलास? आपले वडील गेले तेव्हा तुझ्या लॅटिनची फी कुणी भरली? तुझ्या डोक्यातली ती सगळी अनुमानं कप्तानांच्या मिरीवर पोसलेली आहेत.

मी लंटकडे गेले नाही. जाणारही नाही. पिठाच्या गिरणीच्या चढावर तो आपला आपण भेटला, खांद्यावर पोतं घेऊन. मी रीतीप्रमाणे विचारलं, “गुडघा कसा आहे, मिस्टर लंट?”

“कुठला गुडघा, बाईसाहेब?”

मग माझ्याकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, “हां, तो होय! बरा आहे. देवाच्या दयेने बरा आहे.” पोतं खाली ठेवून त्याने टोपी काढली आणि मी चढ उतरेपर्यंत तसाच उभा राहिला. म्हातारा झालाय, विसरतो. त्यात विशेष काही नाही. विचारशील म्हणून लिहिलं.

आणखी एक. तुझी पत्रं माझ्या हाती येण्याआधी सराईतल्या टेबलावर पडून असतात, आणि सराईवाल्याला वाचता येतं. असलं काही पुन्हा लिहू नकोस. इथे लोक अजून मला चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा देतात.

केझाया

हेव्हरिल, २१ मार्च १८०५

प्रिय भगिनी,

आज्ञा शिरसावंद्य. यापुढे मी केवळ हवामान आणि सर्दी यांवर लिहीन. सराईवाल्याचेही त्याने कल्याण होईल.

बर्फ वितळत आहे. एका विद्यार्थ्याने परवा लॅटिनचे भाषांतर चुकवून सीझरला नदीच्या अलीकडेच ठेवले आणि रोम वाचवले. मला खोकला आहे. फीबद्दल तू म्हणतेस ते अक्षरशः खरे आहे; मी ते विसरलो असतो तर हा प्रश्न मला एवढा बोचला नसता.

मिस्टर लंटच्या गुडघ्याविषयी मी एक शब्दही लिहिणार नाही.

जोथम

सेलेम, ९ सप्टेंबर १८०५

प्रिय बंधू जोथम,

कप्तान सुखरूप परतले! इतक्या लवकर येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. टॅबिथाकाकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या, तिथूनच ओरडल्या, “केझाया, तुझा म्हातारा आला गं! हातातलं टाक आणि पळ!” मी पळाले. या वयात.

मिरी सगळी चार्ल्सटनलाच विकली. तिथे भाव उत्तम होता, मग उत्तरेपर्यंत कशाला वाहून आणायची? येताना तांदूळ आणि कापूस भरला. डीकन फार्नम धक्क्यावरच आपला वाटा घेत म्हणाले, “मिरी न बघता मिरीचा नफा! श्रद्धा म्हणतात ती हीच!” केवढे हसले सगळे. टॅबिथाकाकूंनी नवा झगा शिवायला टाकलाय, निळा, चांगल्या लोकरीचा. नवरा गेल्यापासूनचा पहिला. तुझा वाटा या पत्राबरोबर पाठवते आहे. अपेक्षेहून बराच आहे, तेव्हा सरपण विकायचा विचार सोड.

आता माफीचं पत्र लिही. लॅटिनमध्ये नको, मला समजेल अशा भाषेत.

कप्तान थकलेत. घरात वास येतो म्हणतात. मला तर येत नाही, पण सगळ्या खिडक्या उघड्या ठेवतात आणि हात पुन्हा पुन्हा धुतात. गलबत व्हिनेगरने घासून घेताहेत. मला म्हणाले, तू येऊ नकोस, ओलं आहे, घसरशील. स्लोकमने माझ्या बीन्सची पुन्हा आठवण काढली. कप्तानांनी मात्र शनिवारी बीन्सचं ताट पुढे सरकवलं आणि नुसता पाव खाल्ला.

त्यांची पेटी मीच आवरते, दर खेपेला. ती उघडली की मला शिंकांवर शिंका येतात. मिरीची पूड शिवणीशिवणीत बसलेली असते, किती झटकली तरी जात नाही. आणि ते दारात उभे राहून हसतात, हा आमचा जुना खेळ आहे. ह्या वेळी मी एकेक सदरा झटकला, मोजे उलटे केले, कोटाचे खिसे ओढून बाहेर काढले. शिंक आली नाही. कुणीतरी फार चांगले धुतले असतील.

ते दारात उभे होते. हसले नाहीत.

केझाया

हेव्हरिल, १७ सप्टेंबर १८०५

प्रिय केझाया,

माफीचे पत्र लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा तुझ्या पत्राच्या शेवटापाशी अडलो. ज्या अर्थी तू ते लिहिलेस, त्या अर्थी तुलाही ते दिसले आहे. तुला न दिसलेले तू कधी लिहीत नाहीस.

आता मी अनुमान काढणार नाही. मी फार दूर आहे, आणि दूरचा माणूस चतुर दिसतो एवढेच. तू जवळ आहेस. शेजारी कुणी नसताना त्यांना सरळ विचार. उत्तर काहीही येवो, इथे वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे आणि चूल चांगली पेटते. निरोप आला की त्याच दिवशी गाडी पाठवीन.

माझ्या वाट्याची पुरचुंडी मी उघडलेली नाही.

जोथम

सेलेम, २६ जानेवारी १८०६

प्रिय जोथम,

पुरचुंडी उघडली नाहीस म्हणून स्वतःला फार स्वच्छ समजू नकोस. मलय लोक पीत नाहीत हे तुला पहिल्या दिवशी सुचलं होतं. गाडीवानामागे माणूस धाडला असतास तर तुझं पिंप पहिल्याच सराईपाशी थांबलं असतं. तू मला कोडं घातलंस आणि उत्तराची वाट बघत बसलास. हे रागाने लिहीत नाही. मीही दोन पिंपं दिली होती, आईच्या पैशातून.

मी विचारलं. सकाळी, नाश्त्याला. ते बराच वेळ पावाला लोणी लावत राहिले, मग म्हणाले, “विचारायचं नसतं, केझी.”

“मी विचारतेय.”

“कशाला? तुला उत्तर माहीत आहे.”

“मला तुमच्या तोंडून हवंय.”

“गिनीला गेलो होतो,” ते म्हणाले. “आता झालं? या गावात जन्माला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मिरीला चांदी लागते. मी रम मागितली आणि एकानेही ‘का’ म्हटलं नाही. फार्नमने वाऱ्याबद्दल विचारलं, उजव्या-डाव्याबद्दल विचारलं. रमबद्दल विचारलं का? तू विचारलंस, मी फ्रेंचांचं नाव घेतलं, आणि तू लगेच बीन्स ढवळायला वळलीस.”

खरं आहे ते. मी वळले होते.

नोव्हेंबरात ते पुन्हा निघणार होते. पुन्हा रम. पुन्हा माझ्या स्वैपाकघरात पिंपं यायला लागली. या खेपेला मी दारात उभी राहिले आणि येईल त्याला सांगितलं, “हे पिंप गिनीला जाणार आहे. याच्या बदल्यात माणसं विकत घेतील आणि चार्ल्सटनला विकतील. मागच्या वर्षीही तेच झालं. आता आत आणायचं असेल तर आणा.”

टॅबिथाकाकू उंबऱ्यावरच पिंपावर बसल्या. निळा झगा घातला होता. किती तरी वेळ अस्तनी चिमटीत धरून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “हे मला आधी का नाही सांगितलंस गं?” मी म्हटलं, “मलाही आधी नको होतं कळायला.” मदतीला हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला, आणि पिंप एकट्याच ढकलत घरी गेल्या.

डीकन फार्नम म्हणाले, “बाईसाहेब, तुमची प्रकृती बरी दिसत नाही.”

“ठणठणीत आहे.”

“मग मी काही ऐकलं नाही,” म्हणाले, आणि दोन्ही पिंपं ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी येऊन मुकाट्याने घेऊन गेला. लाज वाटली असेल असं मला वाटलं होतं. आता वाटत नाही. तीन जणांसमोर ऐकलं होतं, आणि ऐकलेल्या माणसाला कोर्ट प्रश्न विचारू शकतं.

आठवड्यात गलबताच्या मालकांनी कप्तानांना बोलावून घेतलं. ज्याच्या घरात तोंड बंद राहत नाही त्याला कुणी गलबत देत नाही, मिरीसाठीही नाही. ‘कॉन्स्टन्स’ स्लोकमला मिळाली. ती दुसऱ्या बंदरातून रम भरून केव्हाच गेली. म्हणजे मी एक माणूस थांबवला, गलबत नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते. तू माझं कौतुक करणारं पत्र लिहायच्या बेतात असशील.

कप्तान घरी आले आणि टोपी न काढता म्हणाले, “तू मला धक्क्यावर बांधलेल्या गलबतात बुडवलंस.”

“हो,” मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. नाताळ तर आमच्या चर्चमध्ये पाळतच नाहीत, पण नवं वर्षही मुकं गेलं. चर्चमध्ये आमचा बाक मागे गेलाय. रस्त्यात बायका दुकानांच्या खिडक्या फार लक्ष देऊन बघतात. एक बार्नबस लंट तेवढा मासळी ठेवून जातो, दार न वाजवता.

तुझी खोली माझ्या मनात होती. गेल्या रविवारी तर ट्रंक खाली काढली होती. चर्चमधून आल्यावर मी विणायला घेतलं, ते समोर बसले होते, आणि ट्रंकेकडे बघत एकदम बोलायला लागले. माझ्याशी नाही, असं वाटलं.

“फळ्यांखालून आवाज यायचा,” म्हणाले. “पहिले काही दिवस मी समजत होतो, गलबताचाच आहे.”

मी सुया खाली ठेवल्या. ते बोलत राहिले. त्यांनी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. सराईवाल्याला भिऊन नव्हे. त्यातल्या एका बाईचं नाव त्यांना माहीत आहे, जोथम. एकीचंच. ते नाव त्यांनी तीन वेळा घेतलं आणि मग कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला गेले. इतकी फोडली की आता मार्चपर्यंत पुरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. तेव्हापासून रोज. कधी चार वाक्यं, कधी तासभर. मी मध्ये बोलत नाही, क्षमा करत नाही, उठतही नाही. वीस वर्षं मी या माणसाची पेटी आवरली आणि कुठे गेला होता हे विचारलं नाही. आता विचारलं आहे, तेव्हा ऐकायलाही मीच हवी.

गाडी इतक्यात पाठवू नकोस. सांगता सांगता ते अजून चार्ल्सटनला पोचलेले नाहीत.

केझाया